साठीतल्या ‘मी’वर किती विसंबायचं?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. एका अॅपमध्ये फोटो टाकून ती साठीतल्या स्वतःशी गप्पा मारते. त्या बाई म्हणे यशस्वी आर्किटेक्ट आहेत! आता त्यावरून अकरावीची शाखा ठरवायची म्हणते. काय करावं?

उत्तर : शाखा यावरून मुळीच ठरवू नका. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचा ‘फ्यूचर यू’ हा प्रयोग पाहिला की आतलं गणित कळतं. आधी आवडीनिवडी, जवळची माणसं, पुढचे बेत यांची प्रश्नावली भरून घेतात. त्यावरून भाषा-मॉडेल (म्हणजे चॅटजीपीटीसारखी, वाक्यं जुळवणारी संगणक प्रणाली) साठ वर्षांच्या माणसाच्या आठवणी रचतं, फोटोतला चेहरा म्हातारा केला जातो आणि मग चॅट सुरू होतं. म्हणजे आर्किटेक्ट बाहेर आली, कारण बहुधा तीच आत घातली होती.

२०२४ साली जाहीर झालेल्या चाचणीत १८ ते ३० वयाचे ३४४ जण होते. गप्पांनंतर त्यांची चिंता कमी झाली, भावी स्वतःशी जवळीक वाढली. फायदा एवढाच, आणि तो काही थोडा नाही. पण भाकीत खरं ठरतं का, हे या चाचणीत तपासलेलं नाही. दहावीतली मुलं तर त्यात नव्हतीच.

घरी पडताळा घ्या. बाकी उत्तरं तीच ठेवून फक्त ‘आर्किटेक्ट’च्या जागी ‘नर्स’ लिहा. बाई बहुधा तितक्याच समाधानी निघतील. मग माहिती न बदलता दोन वेगळ्या चॅटमध्ये विचारा, ‘चाळिशीत कुठे राहत होतीस?’ एकदा पुणे, एकदा बंगळुरू असं येऊ शकतं. मॉडेल आठवत नसतं, शोभेलसं वाक्य जुळवत असतं. हा फरक मुलीनेच कागदावर उतरवला, तर तुम्हाला वेगळं समजवावं लागणार नाही.

फोटोचं मात्र आजच बघा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. अॅपने ती विचारलीच नसेल, तर नुसतं अॅप काढू नका. आधी सेटिंगमधून खातं आणि फोटो डिलीट करा.

प्रश्न : शाळेत असा उपक्रम घेता येईल का?

उत्तर : येईल, तोही बिनमोबाइलचा. जपानमध्ये हायस्कूलच्या मुलांनी तीन वर्षांनंतरच्या स्वतःला पत्र लिहिलं आणि मग त्या भावी ‘मी’च्या बाजूने उत्तरही लिहिलं. नुसतं पत्र लिहिणाऱ्यांपेक्षा उत्तर लिहिणाऱ्यांना जास्त फायदा झाला. तेव्हा दोन तासिका ठेवा. वेळ कमी पडला तर पत्र आखडतं घ्या, उत्तराला मात्र कात्री लावू नका. आणि पत्रं वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. मुलं मग सरांना आवडेल तेच लिहितात.