ओट्यातलं स्टीलचं सिंक घरच्या घरी बदलता येईल का, की प्लंबरच लागेल?

येईल, पण आधी ओट्याखाली डोकावून बघा. सिंकची कड ग्रॅनाइटच्या वर टेकलेली असेल तर काम तुमच्या हातचं आहे. कड खालून चिकटवलेली असेल तर सरळ माणूस बोलवा. काढताना ग्रॅनाइट तडकला तर सिंकपेक्षा तोच महाग पडेल.

दुकानात जाताना ओट्यातल्या भोकाचं माप न्या, जुन्या सिंकचं नव्हे. २४ बाय १८ इंच लिहिलेल्या दोन सिंकांचा खालचा भाग सारखाच असेल असं नाही. भोक लहान पडलं की कटर आणि घरभर धूळ!

अँगल कॉक (सिंकच्या नळाकडे जाणारं पाणी बंद करायची छोटी तोटी) बंद करा, खाली बादली ठेवून वेस्ट पाइप सोडवा, कडेचं सिलिकॉन ब्लेडनं कापा आणि सिंक खालून वर ढकला. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून जागा कोरडी करा. वेस्ट कपलिंग (सिंकच्या तळाच्या भोकात बसणारी, वेस्ट पाइपला जोडणारी जाळीची तोटी) नवं सिंक बसवण्याआधीच त्याला लावून घ्या, नंतर ओट्याखाली मान वाकडी करून आटे फिरवत बसावं लागतं. सांध्यात पांढरं सिमेंट भरू नका, ते कालांतराने तडकतं; सिलिकॉनच वापरा आणि २४ तास पाणी लावू नका. मग सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि कपलिंगखाली वर्तमानपत्राचा कागद धरा. ओला झाला तर रबरी वॉशर तपासा.