पिकअपच्या हौद्याला कव्हर घालू का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पाऊस तोंडावर आला की दुकानात आणि फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, गाडीला कव्हर घालू का नको. नाशिकला आडगाव नाक्याजवळ आमचं बॉडीचं आणि ताडपत्री शिवायचं काम आहे, वडिलांच्या वेळेला फक्त ट्रकचं होतं, २००५ ला टाटाचा छोटा हत्ती आला आणि मग छोट्या गाड्यांची रांगच लागली. तेव्हापासून सगळ्यांचा गोंधळ तोच आहे म्हणून या खेपेला आलेल्या प्रश्नांची एकदाच नीट उत्तरं लिहितोय.

प्रश्न: नवीन पिकअप घेतोय. शोरूममध्ये सांगतात कमानी (कव्हर टाकायला हौद्यावर लावतात ते वाकवलेले पाइप), कव्हर, मॅट सगळं पॅकेजच घ्या, नंतर महाग पडेल. घेऊ का? (निफाड)

आत्ता काही घेऊ नका. गाडी घरी आणा, पूजा करा आणि एक महिना वहीत लिहा: कोणता माल, किती लांब, परत येताना काय, आणि किती वेळा माल भिजला किंवा भिजेल म्हणून जीव वर-खाली झाला. महिन्यातल्या वीस खेपांतल्या पंधरा जर शेणखत, विटा, पाइप असल्या मालाच्या असतील तर कायमच्या कमानी तुमच्या उपयोगाच्या नाहीत, उलट वरून माल भरताना मजूर शिव्या घालतील, एक चांगली ताडपत्री नि एक जाळी सीटमागे ठेवली की झालं. किराणा, खताच्या गोण्या, पशुखाद्य, फर्निचर असं रोजचंच भाडं असेल तर मात्र कमानी लावा. पाच कमानी आणि वरून तीन आडवे पाइप धरले तर पन्नासएक किलो लोखंड चढतं आणि तेवढाच माल कमी भरायचा असतो कारण गाडीचं एकूण वजन आरसीवर ठरलेलं आहे, ते कव्हरसाठी वाढत नाही. पत्र्याचा किंवा फायबरचा बंद डबा केला तर तो दीडशे-दोनशे किलो सहज खातो. हे पॅकेजवाले सांगत नाहीत. आणि नंतर महाग पडेल हे तर साफ खोटं, बाहेर चार ठिकाणी भाव काढा आणि जो माणूस गाडी बघितल्याशिवाय फोनवर भाव देतो त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न: खुला कांदा भरून रात्री प्लास्टिक टाकून मार्केटला नेला. सकाळी प्लास्टिक काढलं तर कांदा वरून ओला. पाऊस तर नव्हता. ताडपत्री फाटकी आहे का? (येवला)

ताडपत्री चांगली आहे, तीच अडचण आहे. कांदा काढला, वाळवला तरी जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून ऊब आणि वाफ येते. वरून प्लास्टिक घट्ट ओढलं की ती वाफ रात्रीच्या गारव्यात प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमते आणि थेंब थेंब वरच्या थरावर पडते. लिलावाला व्यापारी आधी वरचाच थर हातात घेतो, पत्ती, म्हणजे वरची साल, ओली लागली की बोली तिथंच खाली येते.

पाऊस नसेल तर वर शेडनेट टाका, कांदा उडणार नाही आणि हवा खेळेल. पावसाचा भरवसा नसेल तर ताडपत्री टाका पण मालाला चिकटवून नाही, मधे दोन-तीन बांबू आडवे घालून वीतभर उंच ठेवा आणि मागची बाजू पाऊस येईस्तोवर मोकळी सोडा. मार्केटला पोचल्या पोचल्या आधी ताडपत्री काढा, मग चहा. टोमॅटोच्या कॅरेटलाही हेच. द्राक्ष लांब जाणार असेल तर मला विचारू नका, ज्याच्या कोल्ड स्टोरेजला माल जातोय त्याला विचारा, तिथं ताडपत्रीचा विषयच नाही.

प्रश्न: डाला (हौदा) झाकला तर मायलेज वाढतं का? माझ्याकडे टोयोटाची हायलक्स पिकअप आहे. (पुणे)

झाकण मायलेजसाठी घेऊ नका, शहरात फिरताना तर काहीच कळणार नाही. पाऊस आणि चोरी यासाठी हवं असेल तर कंपनीच्या अ‍ॅक्सेसरी यादीतलं घ्या आणि विम्यात नोंदवा.

प्रश्न: रिकाम्या कॅरेटची आणि पीव्हीसी पाइपची भाडी असतात. वरून ताडपत्री टाकून चार कोपरे बांधतो. हायवेला खूप फडफडते. जाड ताडपत्री घेतली तर थांबेल का? (सिन्नर)

भाऊ, तुम्ही ताडपत्री कशी घ्यायची ते विचारताय आणि मला तुमच्या मागून येणारा मोटरसायकलवाला दिसतोय.

ताडपत्री माल झाकायला असते, माल बांधायला नसते. हे मी गेली कित्येक वर्षं घसा फोडून सांगतोय. पाइप, कॅरेट, पत्रे हे आधी जागच्या जागी घट्ट बसले पाहिजेत, पुढे केबिनच्या जाळीला टेकलेले, मागे फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, नीट लागलेला, वरून दोन पट्टे आवळलेले, हाताने हलवलं तर गाडी हलली पाहिजे माल नाही. मग ताडपत्री. आणि ताडपत्रीवरून जाळी किंवा आडवी-तिडवी दोरी. तुमचे चार कोपरे म्हणजे मधली सगळी कड वाऱ्याला मोकळी. ताशी ६० ला वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला सतराएक किलो येतो, ८० ला तीस किलोपर्यंत जातो. तुमचा हौदा साडेचार चौरस मीटर धरा आणि हिशोब करा, एक धडधाकट माणूस खालून वर ढकलतोय आणि समोरून वारा असला तर दोन. चार दोऱ्या किती वेळ धरतील. जाड घेतली तर एवढंच की जड कापड सुटेल.

२०११ च्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ मोटरसायकलवर ओझरकडून येत होता. पुढं रिकाम्या कॅरेटची गाडी, तिची ताडपत्री सुटली आणि याच्या तोंडावर येऊन बसली. दोन्ही हातांनी ती ओढायला गेला आणि डिव्हायडरला. खांदा निखळला, हाड मोडलं, आजही उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, टोपी डाव्या हाताने घालतो. पोलिसांनी ती ताडपत्री बाजूला गुंडाळून ठेवली होती, मी उलगडून बघितली तर कडेला हिरव्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. माझ्या दुकानातली. दोरी ओवायच्या कड्या बाराच्या बारा शाबूत, एक टाका उसवलेला नव्हता. बांधलेलीच नव्हती धड. त्या दिवसापासून दुकानात ताडपत्री घेणाऱ्याला मी गाडीपाशी नेतो, बांधून दाखवतो, त्याच्याकडून एकदा बांधून घेतो आणि मगच बिल करतो. घाई असणारे चिडतात, चिडू देत.

आता नीट वाचा. पुढची कड सगळ्यात महत्त्वाची, वारा तिथूनच शिरतो, म्हणून ती मालाच्या पुढून खाली वळवून दाबून घ्या. दोन ताडपत्र्या लावत असाल तर पुढचीची मागची कड मागचीच्या वर आली पाहिजे, कौलं एकावर एक घालतो तशी, उलट झालं की वारा आणि पाणी दोन्ही आत. प्रत्येक कडीला दोरी, एक सोडून एक नाही. दोरी हौद्याच्या खालच्या हुकांनाच, टेललाइटच्या पट्टीला किंवा नंबरप्लेटला कधी नाही. जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या ताडपत्री ताणायला चांगल्या, माल आवळायला चालत नाहीत कारण रबर ताणतं. उरलेलं दोरीचं टोक गुंडाळून खोचा, लोंबतं टोक चाकात जातं किंवा शेजारच्या गाडीत अडकतं. मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबर यातलं काहीही झाकायचं नाही. आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरला थांबून सगळं पुन्हा आवळा, माल तोवर खाली बसलेला असतो आणि दोरी सैल झालेली असते. पाच मिनिटं लागतात. पाइप फाळक्याच्या बाहेर येत असतील तर ते भाडं मोठ्या गाडीला द्या, बाहेर आलेल्या मालाला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, आणि दंड नसता तरी तेच सांगितलं असतं. एकदा भरलेली गाडी घेऊन जवळच्या कुठल्याही ताडपत्रीवाल्याकडे जा आणि बांधणी तपासून घ्या, पैसे घेणार नाही तो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो ५०० मायक्रॉनची आहे, दुसरा म्हणतो २५० जीएसएम. कोणती चांगली? (चांदवड)

मायक्रॉन विसरा. जाडी तुम्ही दुकानात मोजू शकत नाही म्हणूनच तो आकडा फेकतात, छापायला काय जातं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, आणि वजन करायला काटा प्रत्येक दुकानात असतो. १२ बाय १५ फूट म्हणजे १८० चौरस फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटरच्या आसपास. २५० जीएसएम असेल तर ती चार किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. तीन किलो भरली तर १८० चीच आहे, लेबलवर काही का असेना. काट्यावर ठेवा म्हटलं की ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी चलाखी मापाची. १२ बाय १५ सांगतात ते कापायचं माप असतं, कडा दुमडून शिवल्यावर चारी बाजूंनी कमी होते, आणि तुम्हाला ते कळतं भर पावसात मागचा फाळका उघडा राहिला की. टेपने मोजून घ्या. आणि आधी भरलेल्या गाडीची उंची मोजून या, रिकाम्या हौद्याचं माप घेऊन येणारे निम्मे लोक परत बदलायला येतात. मेणाची सुती ताडपत्री जड आणि महाग पण गोण्यांच्या मालाला ती अजून चांगली, जरा श्वास घेते, फडफडत नाही. फक्त ओली घडी घालून ठेवली तर कुजते.

प्रश्न: कुरियरचं काम मिळतंय. हौद्यावर बंद डबा बसवला तर आरटीओची परवानगी लागते का? वेल्डर म्हणतो कोणी विचारत नाही. (सातपूर)

लागते, आणि काम करण्याआधी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वेल्डरला कोणी विचारणार नाही, पासिंगला तुम्हाला विचारतील, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो त्या डब्याचा काढेल. दोरीने बांधलेली, काढता येणारी ताडपत्री वेगळी आणि वेल्ड केलेला डबा वेगळा. त्यापेक्षा कंपनीतूनच बंद बॉडीची गाडी मिळते का ते आधी बघा. नसेल तर डिझाइन घेऊन आरटीओत जा, विमावाल्याकडून लेखी घ्या. माझ्या शब्दावर नका जाऊ, कागदावर जा.

प्रश्न: द्राक्षाच्या छाटणीला बायका ने-आण करतो. पावसात त्या भिजतात, कमानी करून चारी बाजूंनी बंद कव्हर शिवून द्याल का? (दिंडोरी)

नाही देणार. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, आणि कव्हर घातल्याने ती गाडी प्रवाशांची होत नाही. मजूर म्हणून शेतावर नेलेल्या बायकांना त्या गाडीच्या विम्यात साधारणपणे कुणी धरत नाही, काही झालं तर त्यांच्या घरचे आणि तुम्ही दोघंही उघड्यावर. बसायला सीट नाही, धरायला काही नाही. शिवाय तीन बाजूंनी बंद आणि मागून उघडं असलं की गाडीमागची हवा, सायलेन्सरच्या धुरासकट, उलटी आत ओढली जाते. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, डोकं जड होतं, झोप येते, आणि बसलेल्यांना वाटतं कामाने दमलो. चार शेतकरी मिळून प्रवासी परवान्याची जीप लावा, ताईंना सीटवर बसवा. भाडं जास्त पडेल, पडू दे.

प्रश्न: घर पाडल्याचा राडारोडा नेतो. थोडंच अंतर आहे, झाकायला पाहिजे का? (ठाणे)

पाहिजे. ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत महापालिकेने धुळीसाठी नियम कडक केले, त्यात राडारोडा झाकून न्यायचा हेही आहे, तुमच्या महापालिकेचा नियम वॉर्ड ऑफिसला विचारून घ्या. माल फाळक्याच्या वर ढीग करून भरू नका, मग ताडपत्री कितीही ओढा, खडे गळतातच.

प्रश्न: रात्री रिकामी गाडी अंगणात असते. हौदा गंजू नये म्हणून झाकून ठेवू का? (कळवण)

नको. झाकल्याने ओल आत कोंडते आणि गंज लवकर धरतो. खत किंवा मीठ नेलं असेल तर त्याच दिवशी पाण्याने धुवा, कोपऱ्यातली पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतील ती तारेने मोकळी करा, आणि पुढचं तोंड जरा वर राहील अशी गाडी लावा.

प्रश्न: कमानींवरचं कव्हर मधे खोलगट झालंय, पाणी साचतं. काठीने वर ढकलून काढतो. चालेल का? (मनमाड)

एक-दोन वेळा चालेल. एक चौरस मीटरच्या खोलगट भागात सरासरी दहा सेंटीमीटर पाणी साचलं तर ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो, तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागी, वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि गाडी ओढली जाते. कमानींमधलं अंतर जास्त आहे किंवा मधला आडवा पाइपच नाही. कमानी वेल्ड केलेल्या आहेत का हौद्याच्या खोबणीत खोचलेल्या ते लिहिलं नाहीत तुम्ही. गाडी घेऊन या, पाऊस थांबायची वाट बघू नका, आणि येताना कव्हर लावूनच या, काढून घडी घालून आणलंत तर मला काही दिसणार नाही.