कार्यक्रम होऊन गेल्यावरच का कळतो?

तुम्ही विचारलंय की जवळपास अभिवाचनं आणि लेखक-भेटी होत असतात, पण त्या झाल्याचं दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोटोंवरूनच कळतं. मग आधी कळायला काय करावं? गेली १२ वर्षं मी एका छोट्या वाचनालयात असे कार्यक्रम ठरवण्याच्या कामात आहे, म्हणून आतली बाजू सांगते.

तुम्ही वाट बघता ती जाहिरातीची. आमच्या कामात जाहिरात सगळ्यात शेवटी येते. पुस्तक छापायला जातं तेव्हाच प्रकाशक आणि लेखक मोकळ्या तारखा काढून ठेवतात. मग आम्ही विचारणा करतो, सभागृह मिळतंय का ते बघतो, मुलाखत घ्यायला कुणीतरी शोधतो, पुन्हा एकदा तारीख बदलते. हे सगळं दीड-दोन महिने चालतं. फलक लागतो तो शेवटच्या आठवड्यात, कारण खुर्च्या मांडणारी आणि फलक रंगवणारी माणसं तीच असतात. तो फलक फिरत फिरत तुमच्या फोनवर येईपर्यंत कार्यक्रम उद्यावर आलेला असतो.

म्हणून महिन्यातून एकदा ग्रंथपालांकडे किंवा पुस्तकांच्या दुकानात जाऊन समक्ष विचारा. कसं विचारता यावरही बरंच अवलंबून आहे. ‘काही कार्यक्रम आहे का?’ असं विचारलंत तर ‘सध्या काही नाही’ हेच उत्तर मिळेल, कारण जाहीर असं काही झालेलंच नसतं. ‘पुढच्या दोन महिन्यांत कुणाशी बोलणं चाललंय?’ असं विचारा. आमच्याकडे कुणी असं विचारलं की मी हातातलं काम ठेवून वही काढते. इतक्या आस्थेने विचारणारा माणूस आम्हाला हवाच असतो. त्याचं नाव आणि नंबर आपोआप यादीत जातो.

दुसरी खूण म्हणजे नवं पुस्तक. लेखक सर्वांत जास्त फिरतो तो पुस्तक आल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. पुढे तो लिहायला बसतो आणि दिसेनासा होतो. तुमच्या आवडत्या लेखकाचं पुस्तक येतंय असं कळलं की त्याच दिवशी प्रकाशकाला दोन ओळी लिहून टाका. आणि अनुवादकांना विसरू नका. एका शब्दासाठी आठवडा घालवलेला माणूस मूळ लिखाणाबद्दल जे सांगतो, ते कधी कधी लेखकालाही सांगता येत नाही.

काही तारखा दरवर्षी ठरलेल्या असतात. २१ मार्च हा जागतिक कविता दिन, युनेस्कोने १९९९मध्ये ठरवलेला. आणि २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन, १९९५चा निर्णय. एरवी वर्षभर शांत असलेल्या संस्थाही या दिवसांच्या आसपास काहीतरी करतात. ऑक्टोबरमध्ये साहित्याचं नोबेल जाहीर झालं की विजेत्याच्या लेखनाची वाचनं होतात. तिथे लेखक नसतो म्हणून ती टाळू नका. चांगला वाचणारा असेल तर एरवी डोळ्यांखालून निसटलेलं वाक्य कानात राहतं.

कानासाठी वाचणं ही वेगळीच कला आहे. चार्ल्स डिकन्स १८५८पासून तिकीट लावून स्वतःचं लेखन वाचून दाखवत असे, अगदी मार्च १८७०पर्यंत. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. या वाचनांसाठी तो स्वतःच्याच पुस्तकांच्या वेगळ्या प्रती करी : परिच्छेदच्या परिच्छेद खोडलेले, समासात आवाज आणि हावभावांच्या सूचना. मी हे एकदा प्रत्यक्ष पाहिलंय. आमच्याकडे एक कथाकार आले होते आणि श्रोते जेमतेम नऊ. वाचता वाचता ते एका वाक्यावर थांबले, तेच वाक्य पुन्हा वाचलं, खिशातून पेन्सिल काढली आणि छापील पुस्तकातलं ते वाक्य सगळ्यांसमोर खोडलं. पुढची दहा मिनिटं त्या एका वाक्यावर बोलणं झालं. शेकडो माणसांच्या सभागृहात हे झालं नसतं. म्हणून मोठ्या महोत्सवांइतकाच, खरं तर थोडा जास्तच, मी छोट्या बैठकींचा आग्रह धरते.

जाण्याआधी त्या लेखकाची निदान २० पानं वाचून जा. नाहीच जमलं तरी जा, मागे बसू नका. पुढच्या रांगा बहुतेक वेळा रिकाम्याच असतात आणि वाचणाऱ्याला समोर चेहरा लागतो. प्रश्न विचारायचा असेल तर ‘प्रेरणा कुठून मिळते’ यापेक्षा नुकताच वाचलेला एखादा प्रसंग धरून विचारा.

निघताना संयोजकांना भेटून यापुढे कोण येणार आहे, तेवढं मात्र विचारून घ्या. कार्यक्रम संपल्यानंतरच्या त्या दहा मिनिटांत आम्ही पुढच्याच तारखेबद्दल बोलत असतो.