ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडताना

पाण्याचा ताळेबंद म्हणजे गावात पाऊस किती पाणी देतो आणि पिण्याला-पिकांना किती लागतं, याचा हिशेब. तो मांडायला उभं राहण्याआधी वहीत एकच वाक्य लिही: सभा उठताना लोकांनी नेमकं काय ठरवलेलं असावं? ‘माहिती देणे’ लिहिलंस तर खोड. ‘यंदा उन्हाळी भुईमूग नको’ असं लिही. त्या ठरावाला न लागणारी स्लाइड काढून टाक, नकाशा कितीही देखणा असो.

हेक्टरभर रानात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. लिटर डोळ्यासमोर येत नाही, टँकर येतो. म्हणून ‘एक मोठा टँकर’ म्हण. हिवरे बाजार या गावात पाऊस मोजून पिकं ठरवतात, तेही सांग.

पहिल्या वेळी मी चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या, ठराव झालाच नाही, आणि एप्रिलात विहिरी आटल्या. तू ठरावाचा मसुदा आदल्या दिवशीच ग्रामसेवकांना दाखव.