काशी-रामेश्वर झालं, परदेश का राहिला?

वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या घरात काशी, रामेश्वर, चारधाम, काश्मीर सगळं झालं. पैशाची फार ओढाताण नाही, तरी देशाबाहेर अजून कुणी पाऊल टाकलेलं नाही. परदेशात राहणारा भाचा दर वेळी म्हणतो, ‘मामी, तुम्हाला जग बघायची हौसच नाही.’ खरंच हौस नसते म्हणून माणसं जात नाहीत का?
– एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : हौसेचा वाटा असतो, पण भाच्याला वाटतो तेवढा मोठा नाही. जपानचंच बघा. जपानी पासपोर्टवर १८०हून जास्त देशांत आधी व्हिसा न काढता जाता येतं. तरीही तिथे साधारण सहा माणसांत एकाकडेच पासपोर्ट आहे. सुट्या तुटक मिळतात, त्याही सगळ्या देशाला एकाच वेळी, म्हणून तेव्हा तिकिटं महाग. येन घसरल्याने बाहेरचा खर्च वाढला. परक्या भाषेत बोलायचा संकोच आहेच. आणि गरम पाण्याचे झरे, बर्फ, समुद्रकिनारा हे सगळं घरच्या घरी असल्यावर बाहेर जायची घाई कुणाला?

अमेरिकेतलं कारण निराळं. तिथे खासगी नोकरीत पगारी रजा दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा नाही. शिवाय अमेरिकी नागरिकाला विमानाने २००७पर्यंत आणि रस्त्याने २००९पर्यंत कॅनडा-मेक्सिकोला पासपोर्टशिवाय जाऊन येता यायचं. त्यामुळे पासपोर्टच्या आकड्यावरून ‘अमेरिकन माणूस घराबाहेर पडत नाही’ असं काढलेलं अनुमान त्या काळात अर्धवट होतं. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा कायद्यानेच मिळते, आणि देश लहान. कोल्हापूरहून काशी रस्त्याने दीड हजार किलोमीटरच्या पुढे आहे. तेवढ्या अंतरात लक्झेंबर्गचा माणूस दोन-तीन देश ओलांडून रोमच्याही पुढे जातो. तुमचा भाचा सरहद्दी मोजतोय. अंतर, भाषा, पाणी, जेवण यातला फरक मोजला तर तुमचा प्रवास कमी नाही.

आता कोल्हापूरपुरतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या कायम कामगाराला २० दिवस कामावर भरले की एक दिवसाची पगारी रजा जमते, म्हणजे वर्षभर नियमित काम करून पंधरवडाभर. त्यातच गावची जत्रा, भावकीतली लग्नं, गणपती आणि घरातलं आजारपण बसवायचं असतं. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचा आठवडाभराचा धंदा बुडतोच, वर नेहमीचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशी विमान नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोचायचं, परतताना पुन्हा तेच. मुंबईकराची पाच दिवसांची थायलंड सहल कोल्हापूरकराला सात दिवसांची पडते. सहलीच्या जाहिरातीत हे दोन दिवस आणि त्यांचा खर्च धरलेला नसतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं आणि ते घरात उघड बोललं जात नाही. सासू-सासऱ्यांची औषधं, मुलांची दहावी-बारावी, डबे हे सगळं एकाच बाईवर असतं. काशीला सगळं कुटुंब जातं. परदेशी जायचं तर आठ दिवस हे कोण बघणार, हा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो. ‘तिलाच हौस नाही’ म्हणणं सोपं आहे. आमच्या मते आधी घरातल्या इतरांनी ते आठ दिवस वाटून घ्यावेत आणि मग तिला विचारावं.

उरते ती भीती. फॉर्म इंग्रजीत, विमानतळावर साहेब काय विचारेल याची धास्ती. इमिग्रेशनवर बहुतेक चारच गोष्टी विचारतात : कशासाठी आलात, किती दिवस, कुठे उतरणार, परतीचं तिकीट आहे का. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याची प्रत छापून एका फाइलमध्ये हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाइलमध्येच आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ऐनवेळी बॅटरी संपते किंवा नेट लागत नाही. ग्रुप असला तरी प्रत्येकाचे कागद प्रत्येकाकडे हवेत, कारण खिडकीवर एकेकाला बोलावतात आणि टूर लीडर तोवर पुढे गेलेला असतो.

जायचंच नसेल तर त्याचं स्पष्टीकरण कुणाला द्यायची गरज नाही. पण जायचं आहे आणि कागदांपायी अडलंय, असं असेल तर पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत नोकरी करते, ती बोलावतेय. आमचं उत्पन्न म्हणजे ऊस आणि दूध. इन्कमटॅक्सचा कागद कधी काढला नाही. गोठ्यात दोन म्हशी आहेत. आम्हाला व्हिसा मिळतो का? आणि कधी जावं?
– एक शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : मिळतो. शेतकरी आहे म्हणून अर्ज नाकारत नाहीत. नाकारला जातो तो बहुतेक वेळा ‘हा माणूस परत जाईल’ याची खात्री न पटल्याने किंवा पैसा कुठून आला हे कागदावर न दिसल्याने. तुमच्याकडे जमीन आणि जनावरं आहेत, म्हणजे परतण्याचं कारण भक्कम आहे. ते फक्त नीट दाखवायचं आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, सोबत आठ-अ (तुमच्या सगळ्या जमिनीचा खातेउतारा) काढा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या. कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या आणि दूध संस्थेची बिलं जोडा. बँकेचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट शिक्का-सहीसह घ्या. जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत खातं असेल तर नुसत्या पासबुकाच्या झेरॉक्सवर भागवू नका, छापील स्टेटमेंट मागा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून मूळ प्रतीसोबत लावा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि तेवढंच असेल तर विवरणपत्राची सक्ती नसते, पण स्वतःहून भरता येतं. पुढे पुन्हा जायचा विचार असेल तर यंदापासून भरायला लागा.

सगळ्यात जास्त अडतं ते बँक खात्यावर. वर्षभर खात्यात पाच-दहा हजार आणि अर्जाच्या आधी अचानक तीन लाख, असं दिसलं की ते उसने आणलेले वाटतात. उसाचं बिल असतंच एकरकमी, म्हणून त्या नोंदीसमोर त्याच तारखेची कारखान्याची पावती लावा आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत सांगा की ऊस वर्षातून एकदा तुटतो आणि पैसा असाच येतो. भावाकडून पैसे आणून खातं फुगवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मुलीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाचं अधिकृत हमीपत्र करावं. त्याला ‘फेअरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात, शुल्क २९ युरो. तिचा पगार पुरेसा असेल तरच ते मिळतं. त्याची मूळ प्रत कुरियरने मागवा. सोबत तिचं निमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याची प्रत हवी. तुमचा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला पाहिजे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. विमानाचं फक्त आरक्षण दाखवा, पूर्ण पैसे भरून तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. नकाराविरुद्ध जर्मन दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५पासून बंद झाली आहे. आता नवा अर्ज किंवा तिथलं कोर्ट, एवढेच मार्ग. म्हणून पहिलाच अर्ज नेटका करा.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यासाठी व्हिसा केंद्रातल्या भेटीच्या वेळा लवकर भरतात. तुमच्यासाठी गणपती आटोपल्यापासून कारखान्याची मोळी पडेपर्यंतचा, म्हणजे गाळप सुरू होईपर्यंतचा काळ आम्हाला बरा वाटतो. पावसामुळे पाणी पाजायचं काम नसतं, तोडीची धावपळ सुरू झालेली नसते, आणि तिकडेही हवा सोसवण्यासारखी असते. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये कागद जमवायला घ्या.

म्हशींचं आधी ठरवा, कारण परदेशवारी व्हिसापेक्षा धारेवर जास्त अडते. म्हैस विण्याच्या आधी साधारण दोन महिने आटवलेली असते. तेव्हा धार नसते, फक्त वैरण-पाणी आणि शेण-घाण. तेवढं शेजारी किंवा भावकीतलं माणूस करतं. दोन्ही म्हशी एकदम आटणार नाहीत. दुभती असेल तिला जाण्याच्या आधी आठ-दहा दिवस दुसऱ्या माणसाच्या हाताची सवय करा. अनोळखी हाताला म्हैस पान्हा चोरते, दूध अंगातच ठेवते आणि मग कासेला सूज येते. संस्थेत दूध घालणाऱ्या माणसाचं नावही सचिवांना सांगून ठेवा.

एक महत्त्वाचं. ऊसदराच्या आंदोलनात तुमच्यावर गुन्हा दाखल असेल आणि खटला चालू असेल तर पासपोर्टच्या फॉर्ममध्ये लपवू नका, पोलिस पडताळणीत तो निघतोच. वकिलामार्फत कोर्टाची परवानगी घेतली की पासपोर्ट मिळतो. कोर्टाने आदेशात मुदत लिहिली नसेल तर तो एकच वर्षाचा देतात, म्हणून अर्जातच मुदत मागायला सांगा.

प्रश्न : माझं वय ५८. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर ‘बाई’ लावलेलं, पॅनवर स्पेलिंग वेगळं. पासपोर्टचं काम इथेच अडलंय.
– एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : आधी एक नाव आणि एकच स्पेलिंग कागदावर लिहून पक्कं करा. मग क्रम असा ठेवा : विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन, बँक आणि शेवटी पासपोर्ट. जुन्या लग्नाची नोंदणीही उशिराने करता येते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईने बदल करून एक संधी वाया घालवू नका. ‘बाई’ काढून टाकणं बहुतेकदा सोयीचं, कारण शाळेच्या दाखल्यावर ते नसतं. नावात मोठा बदल असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते.

जन्मतारीख १ जून असेल तर ती तशीच राहू द्या. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली असली तरी सगळ्या कागदांवर तीच असणं महत्त्वाचं. आता खरी तारीख शोधायला गेलात तर सगळेच कागद बदलावे लागतील.

फॉर्म भरताना तुमचं नाव आणि पतीचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आणि आडनाव ‘सरनेम’च्या रकान्यात लिहा. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. एकेरी नावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून प्रवेश मिळत नाही. ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, मुदत दहा वर्षं. कोल्हापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज नाही. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या, मूळ नसतील तर परत पाठवतात. वर्षभरात घर बदललं असेल तर जुना पत्ताही लिहा. पोलिस पडताळणीच्या दिवशी घरी थांबा.

प्रश्न : पासपोर्टशिवाय कुठे जाता येतं? आधार चालतं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नेपाळ आणि भूतान. मतदार ओळखपत्र न्या, १५ ते ६५ वयाच्या माणसाला नेपाळच्या विमानासाठी आधार चालत नाही. पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघालेली मंडळी नेमकी इथेच चुकतात. १५पेक्षा लहान आणि ६५पेक्षा मोठ्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाकडून रात्रीला माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात, ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. कैलास-मानसरोवरला मात्र पासपोर्ट लागतोच.

प्रश्न : मुलाकडे दुबईला चाललोय. कांदा-लसूण मसाला नेऊ का?
– एक वाचिका, शाहूपुरी

उत्तर : मसाल्यात खसखस असेल तर अजिबात नेऊ नका. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. दळून मिसळलेली असली तरी तोच नियम. खसखस वगळून वेगळा मसाला करा, तो बंद पाकिटात चेक-इन बॅगेत ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात, म्हणून विमान कंपन्या घेत नाहीत. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या. कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल असलेल्या गोळ्यांना तिथे आधी परवानगी लागते. आणि जर्मनीला निघालेल्यांनी तूप, पेढे, सुकं मटण बॅगेत भरू नये, युरोपीय संघात बाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात.