शेजारी बसणारा माणूस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हजेरी, रजा, पगारपावत्या, वार्षिक मूल्यमापन असं सगळं नव्या संगणक प्रणालीवर आणायचं काम तुझ्याकडे आलंय. प्रशिक्षण दोन वेळा झालं, तरी अर्धे लोक रजेचा अर्ज अजून कागदावरच आणून देतात. ‘जुन्या लोकांना बदल नकोच असतो,’ असं तू लिहिलंस. हे मला पटत नाही.

मीही एकदा अशी प्रणाली आणली होती. आमच्याकडे एक पर्यवेक्षक होते. पाळ्यांची आखणी त्यांच्याइतकी चोख कुणाला जमत नसे. नवं लॉगिन दिल्यावर दोन महिने त्यांनी एकही रजा घेतली नाही. माझी समजूत अशी, की कामाचा ताण असेल. मग एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. पासवर्ड चुकून खातं बंद पडलं होतं. ‘ज्या पोरांना मी काम शिकवलं, त्यांच्यासमोर कसं विचारू?’ असं ते म्हणाले. त्यांना भीती संगणकाची नव्हती, चारचौघांत अडाणी ठरण्याची होती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

संशोधक एमी एडमंडसन यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे प्रश्न विचारायला, चूक कबूल करायला लोक कचरत नाहीत, ते गट जास्त शिकतात, असं त्यात दिसलं. म्हणून तिसरं प्रशिक्षण ठेवू नकोस. प्रत्येक विभागातला एकेक माणूस निवड. तो आयटीतला नको, त्याच कामातला हवा. तो शेजारी बसेल, पण माउस शिकणाऱ्याच्याच हातात राहील. माउस ओढून घेऊन ‘हे बघा, असं’ म्हटलं, की समोरचा फक्त बघायला शिकतो.

आणि साहेबांना आधी भेट. त्यांच्या मंजुऱ्या त्यांचा सहायकच त्यांच्या लॉगिनने देत असेल, तर बाकीच्यांनी तरी का शिकावं?

दुसरं, या प्रणालीतून कर्मचाऱ्याला काय मिळतं ते तपास. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं, की तंत्र वापरायला सोपं वाटण्यापेक्षा ते आपल्या उपयोगाचं वाटणं जास्त वजनदार ठरतं. आपल्या मनुष्यबळ विभागाची फायलींची कटकट मिटली, त्यांच्या वाट्याला मात्र फक्त रकाने भरणं आलं, असं झालंय का? कर्जासाठी पगारपावती लागली आणि कुणाची मनधरणी न करता ती रात्री घरबसल्या मिळाली, की तोच माणूस दुसऱ्याला लॉगिन शिकवायला बसतो.

नोकरीसाठी आलेले अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तू विचारलंस. अ‍ॅमेझॉनने असं एक साधन बनवायला घेतलं होतं. आधीचे अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावरून ते शिकलं आणि बायकांचे अर्ज मागे टाकू लागलं. कंपनीने ते सोडून दिल्याची बातमी २०१८ मध्ये आली. घ्यायचंच असेल तर घे, पण त्याने नाकारलेले अर्ज दर आठवड्याला थोडे तरी स्वतः वाच.

कागदावर अर्ज आणणाऱ्यांपैकी तिघांना या आठवड्यात एकेकटं भेट. समजावू नकोस, फक्त विचार. ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत मला कळव.

सस्नेह