वाचक विचारतात : चाळीस मिनिटांचं फुटेज आणि एकच रविवार

प्रश्न : भाऊ, आम्ही चौघं मित्र रावेर तालुक्यातले, जळगावला मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. सरांनी थ्रिलरची फक्त ओपनिंग करायला सांगितलीय, दोन मिनिटांची, नावांसकट. एकाच्या केळीच्या बागेत दिवसभर शूट केलं. हिरो अलार्मने उठतो, बाईकवर शेतात जातो, तिथे बॉडी दिसते, मग फ्लॅशबॅक, मग कोणीतरी मागे पळतं. फुटेज चाळीस मिनिटांचं आहे पण एडिटला बसलो तर काहीच जुळत नाहीये. फोन अँड्रॉइड आहे, माईक नाही, आणि परत शूटिंगला एकच रविवार मिळणारे. काय करू?

उत्तर : पोरांनो, तुम्ही ओपनिंग नाही केली, ट्रेलर केलाय. दोन मिनिटांत उठला, गेला, बॉडी, फ्लॅशबॅक, पळापळी, आता पुढच्या फिल्ममध्ये उरलं काय? आणि तो अलार्म आधी काढा, दर वर्षी निम्म्या पोरांच्या फिल्मा अलार्मनेच उठतात. ओपनिंगचं काम एकच, बघणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न टाकायचा आणि उत्तर न देता नाव दाखवायचं.

आता तुमच्याकडे बाग आहे आणि शेतातली लाईट आहे, यापेक्षा भारी थ्रिलर कुठे मिळणार. मोटारीच्या थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची असली की माणूस एकटा टॉर्च घेऊन मोटार चालू करायला जातो, हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाने केलेलंय. समजा तो पोचतो, स्टार्टरच्या बटणाकडे हात नेतो, आणि मोटार आधीच चालू. बस्स, एवढंच. आता गावातला कोणीही लगेच म्हणेल, अरे ऑटो टाकलेला असेल, लाईट आली की मोटार आपोआप चालू होते! म्हणून पुढचा शॉट ऑटोच्या स्विचचा, क्लोजअप, आणि तो बंद आहे. मग त्याचा चेहरा, मग बोट लाल बटणावर, खट्ट, पाण्याचा आवाज थांबतो, आणि त्या शांततेत दोन ओळी पलीकडे पानं सरसरतात. स्क्रीन काळी, फिल्मचं नाव. बॉडी नाही, फ्लॅशबॅक नाही, डायलॉगसुद्धा नाही म्हणजे माईकचं टेन्शन अर्धं गेलं.

फुटेज का जुळलं नाही तेही सांगतो. केळीच्या बागेत सगळ्या ओळी सारख्याच, एका शॉटमध्ये हिरो डावीकडून उजवीकडे चालतोय आणि पुढच्यात कॅमेरा पलीकडे नेला म्हणून उजवीकडून डावीकडे, तर बघणाऱ्याला वाटतं गडी परत निघाला. रस्त्यावर निदान दुकान, खांब असं काही ओळखीचं असतं, बागेत काहीच नाही. म्हणून आधीच ठरवा, जाताना तो कायम डावीकडून उजवीकडेच, आणि कॅमेरा त्याच्या एकाच बाजूला. दुसरं म्हणजे रंग. दिवसा पानांखाली उजेड हिरवा पडतो, फोन ऑटोवर असला की दर शॉटला चेहऱ्याचा रंग वेगळा, कधी हिरवा कधी कावीळ झाल्यासारखा. ओपन कॅमेरा नावाचं फुकट अॅप टाका, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल), फोकस आणि एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) लॉक करा. मोटारीच्या खोलीत ट्यूब किंवा बल्ब असेल तर शटर १/५०, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा, आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची आहे, जुळलं नाही तर चित्रात पट्टे येतात. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये भिंतीवर काळे पट्टे वरून खाली सरकत होते, आम्ही ते भुताचं इफेक्ट म्हणून खपवलं, सरांनी विचारलं भूत ट्यूबलाईटलाच का येतं.

रविवारी शूटिंगआधी शनिवारी फोन घरी ठेवून वही घेऊन बागेत जा. बारा-चौदा चौकोन काढा, त्यात काठीची माणसं चालतील, खाली लिहा कोण कुठून कुठे जातो आणि आवाज कोणता. मग त्या चौकोनांचे फोटो काढून मोबाईलवर एकामागे एक लावा, प्रत्येकी सात-आठ सेकंद, आणि जो बागेत आलाच नव्हता अशा कोणाला दाखवा. त्याला ऑटोच्या स्विचचं कळलं नाही तर तो चौकोन मोठा करा. हे सगळं वहीवर फुकटात दुरुस्त होतं, रविवारी संध्याकाळी नाही होत.

आणि रात्री बारा वाजता शूट करायला जाऊ नका, फोनच्या कॅमेऱ्यात नुसते दाणे येतील, वर सातपुड्याकडची बाग असेल तर बिबट्याची भीती वेगळी आणि सापांची वेगळी. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं, एक्सपोजर कमी करून तेवढ्यात लांबचे शॉट उरका, टॉर्च हिरोच्या हातात, तोच तुमचा लाईट. तेवढ्या वेळात चार शॉट झाले तरी खूप. स्टार्टर, बटण, स्विच, चेहरा हे सगळं दुपारीच खोलीचं दार लावून करून ठेवायचं, मेन बंद करून आणि बागेच्या मालकाला शेजारी उभं करून. त्यातलेही काही क्लोजअप घरी टेबलावर होतील. आपल्या चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करायचे, तुम्हाला तर एक स्विच दाखवायचाय.

आवाजासाठी दुसरा फोन घ्या, एअरप्लेन मोडवर. बोअरची सबमर्सिबल असेल तर मोटार खाली जमिनीत, वर ऐकू येते ती स्टार्टरची घूं आणि पाईपातलं पाणी, ते जवळून रेकॉर्ड करा. पानांचा आवाज वेगळा, नुसत्या बागेचा एक मिनिट वेगळा, आणि त्या मिनिटात कोणी बोलायचं नाही, हसायचं पण नाही (हेच सगळ्यात अवघड जातं). शूटच्या आवाजावर हे नंतर चढवा.

हो, हिरोला एकसारखे दोन शर्ट आणायला सांगा. केळीचा चीक लागला की डाग जात नाही, आणि पहिल्या शॉटमध्ये डाग नसताना दुसऱ्यात कुठून आला हे एडिटला कळतं.

प्रश्न : आम्हाला ओपनिंग भुसावळ स्टेशनवर करायचीय, हिरो गाडीतून उतरतो. मोबाईलनेच करणार आहोत, तरी परवानगी लागते का? — भुसावळहून एक

उत्तर : लागते. फिल्मचं शूटिंग म्हटलं की रेल्वेला आधी विचारायचं, मोबाईल असला तरी. कॉलेजचं पत्र घेऊन आधीच जा, नाहीतर आरपीएफवाले हिरोलाच उतरवून घेतील. पण मला विचाराल तर उतरताना दाखवायचंच कशाला? बॅग घेऊन रिकाम्या रस्त्याने येणारा माणूस आणि मागे गाडी सुटल्याचा आवाज, भुसावळकरांना तेवढं पुरतं. बाकीच्यांना पण.

प्रश्न : आमच्या फिल्ममध्ये म्हातारी रावेरकडची आहे. सगळे म्हणतात खान्देश आहे तर डायलॉग अहिराणीत ठेव. मी धुळ्याचा, अहिराणी मला येते. ठेवू का?

उत्तर : म्हातारी धुळ्याची कर, नाहीतर अहिराणी काढ. रावेर, यावलकडे लेवा गणबोली चालते, बहिणाबाईंची. तिथल्या म्हातारीच्या तोंडी 'काय करी राह्यना' टाकलंस तर जळगावच्या हॉलमध्ये पहिल्याच वाक्याला हशा येईल आणि थ्रिलर तिथेच संपेल. रावेरचा एखादा मित्र पकड, त्याच्या आजीला सीन समजावून सांग आणि ती जसं बोलेल तसंच लिहून घे, तू सुधारू नकोस. बाहेरच्यांसाठी खाली मराठी सबटायटल टाक, दोन ओळींच्या वर नको.